व्रणाची लांबी की आतड्याची? मांडव्याच्या धक्क्यावरून शस्त्रक्रियेच्या इतिहासाकडे (दीर्घ थ्रेड)

१/
मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की पाण्यापलीकडे मुंबई दिसते. तिकडून येणाऱ्या लाँचमधून उतरतात ती किहीम, आवास, अलिबागकडे निघालेली सुट्टीची माणसे. इकडून चढणाऱ्यांत मात्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली फाइल घेतलेले कुणी ना कुणी हमखास असते. या किनाऱ्यासाठी मुंबई म्हणजे बाजार, नोकरी आणि कचेरी. पण शतकाहून अधिक काळ ती त्याचे इस्पितळही आहे.

२/
१९९० च्या फेब्रुवारीत ‘अग्निपथ’ प्रदर्शित झाला आणि मांडवा हे नाव देशभर पोहोचले. त्याच वर्षी ३१ मे रोजी, समोरच्या किनाऱ्यावर, भायखळ्याच्या सर जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. पहिली घटना आजही संवादांसकट पाठ आहे. दुसरीची तारीख वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच सांगता येते. ज्यांच्या पोटावर आज चार बारीक खुणांवर भागले आहे, त्या लाखो लोकांच्या आयुष्यात मात्र दुसरीच घटना येऊन गेली आहे.

३/
हा थ्रेड त्या चार बारीक खुणांविषयी आहे, आणि एका अशा आजाराविषयी, ज्यात त्या खुणांचे कौतुक करण्यापूर्वी थोडे थांबावे लागते. क्रोन्सच्या आजारात आतड्यावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली की रुग्णाचे घरचे पहिला प्रश्न विचारतात: दुर्बिणीने होईल की पोट उघडावे लागेल? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. तो अपुरा का, हे गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात दिसते.

४/
आधी आजाराची ओळख. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही होऊ शकतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळते. सूज आतड्याच्या भिंतीत आरपार जाते. भिंत जाड होते, मार्ग अरुंद होतो, कधी भिंतीला छिद्र पडून पू साचतो, तर कधी शेजारच्या आतड्याशी, मूत्राशयाशी किंवा थेट त्वचेशी चोरवाट तयार होते. तिला डॉक्टर फिस्टुला म्हणतात.

५/
दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या. हा बहुधा तरुणांचा आजार आहे. पंधरा ते पस्तीस या वयात तो अधिक प्रमाणात सुरू होतो, म्हणजे हा थ्रेड वाचणाऱ्यांच्याच वयात. आणि शस्त्रक्रियेने तो बरा होत नाही. खराब भाग काढून दोन टोके जोडली, की काही काळाने बहुतेकदा त्या जोडापाशीच तो पुन्हा डोके वर काढतो. पित्ताशय एकदा काढले की विषय मिटतो. इथे विषय मिटत नाही.

६/
पोट उघडून आतड्यावर उपचार करण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बद्धगुदोदर (आतड्याचा अडथळा) आणि परिस्रावी उदर (आतड्याला छिद्र) यांवरील शस्त्रकर्म सांगितले आहे. नाभीखाली डावीकडे छेद घ्यावा, चार अंगुळे आतडे बाहेर काढून तपासावे, अडथळा दूर करावा, मध-तूप लावून आतडे परत आत ठेवावे आणि बाहेरून टाके घालावेत. छिद्र असेल तर काळ्या मुंग्यांकडून त्याच्या कडा चाववून घ्याव्यात आणि मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवावीत. म्हणजे आजच्या स्टेपलरची दूरची आजी.

७/
या उताऱ्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर नेहमी फिरतात आणि त्याखाली ‘सारे काही आपल्याकडे होतेच’ अशा ओळी असतात. ग्रंथात वर्णन आहे हे खरे. त्या वर्णनातली बारकाई पाहता कुणीतरी आतडे प्रत्यक्ष हाताळले होते, असे मानायला जागा आहे. परंतु भूल आणि जंतुनाशन यांवाचून अशा शस्त्रक्रियेतून किती रुग्ण वाचले असतील, याचा हिशेब ग्रंथ देत नाही. संहितेचा अभिमान बाळगणाऱ्याने तिच्या मर्यादेचाही मान राखावा. छेद किती घ्यायचा आणि आतडे किती बाहेर काढायचे हे मोजून सांगणारा ग्रंथ आहे, एवढीच गोष्ट खरे तर विलक्षण आहे.

८/
आधुनिक कथा १९१३ मध्ये ग्लासगोत सुरू होते. टी. केनेडी डॅल्झिएल या शल्यचिकित्सकाने आतड्याच्या एका दीर्घकालीन दाहाचे वर्णन ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. आतडे क्षयासारखे दिसत होते, पण क्षयाचे जंतू सापडत नव्हते. गुरांना होणाऱ्या एका आतड्याच्या रोगाशी त्याने या दाहाचे साम्य दाखवले. मग पहिले महायुद्ध आले आणि लेख विस्मरणात गेला.

९/
१९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध केला. हे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी ए. ए. बर्ग यांच्याकडे आले होते. लेखन आपले नाही म्हणून बर्ग यांनी लेखकांत नाव घालू दिले नाही, आणि उरलेली नावे वर्णक्रमाने लागली. आजाराला क्रोनचे नाव मिळण्यामागे इंग्रजी वर्णमालेचाही हात आहे! ज्याच्या सुरीखालून ती आतडी गेली, त्या बर्ग यांना वैद्यकाबाहेर कुणी ओळखत नाही. इतिहासात नाव कुणाचे राहते, याचा हा एक नमुना.

१०/
त्या काळी शस्त्रक्रिया म्हणजे पोटावर उभा, लांब छेद. काय काढायचे यावर मात्र एकमत नव्हते. काही जण खराब भाग कापून काढत. काही जण, रुग्णाला झेपणार नाही म्हणून, खराब भाग तसाच ठेवून त्याला वळसा घालणारा नवा जोड करत, रस्ता खचला की बाजूने वळणरस्ता काढावा तसा.

११/
या वळणरस्त्याचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर. ९ जून १९५६ च्या पहाटे वॉल्टर रीड रुग्णालयात त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. निवडणूक पाच महिन्यांवर होती. ते सावरले, पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच संपवली जाते.

१२/
ती इथे संपत नाही. १९६९ च्या फेब्रुवारीत आतड्याला अडथळा झाल्याने त्यांचे पोट पुन्हा उघडावे लागले. जुन्या शस्त्रक्रियेच्या जखमांनी आतडी एकमेकांना चिकटली होती. हृदयविकाराने आधीच खंगलेले आयझेनहॉवर पुढच्याच महिन्यात वारले. पोट एकदा उघडले की आतल्या आवरणावर चिकटे निर्माण होतात. ते तेरा वर्षे गप्प बसतात आणि मग एके रात्री त्रास देतात. पुढे आतडी हवेत उघडी न टाकता, कमी हाताळून काम करण्याची ओढ लागली, तिच्यामागे दिसण्याची हौस नव्हती. हे चिकटेही होते.

१३/
आता दुर्बिणीकडे. १९०१ मध्ये जर्मनीत गेओर्ग केलिंग याने कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिले. १९१० मध्ये स्वीडनच्या हान्स क्रिश्चन याकोबेउस याने माणसाच्या पोटात पाहिल्याची नोंद केली. त्यानंतर कित्येक दशके हे तंत्र फक्त पाहण्याचे राहिले. शल्यचिकित्सकांना त्यात रस नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते जिवंत ठेवले.

१४/
म्हणूनच १९८० मध्ये कील येथील कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीने अपेंडिक्स काढले, तेव्हा जर्मनीतल्या शल्यचिकित्सकांनी कौतुक केले नाही. त्याच्यावर कारवाईची मागणी झाली. १९८५ च्या सप्टेंबरात एरिख म्यूए याने दुर्बिणीने पित्ताशय काढले, आणि त्याच्याही वाट्याला प्रथम हेटाळणीच आली. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये फिलिप मूरे याने तेच केले, तेव्हा काळ बदलला होता; कॅमेरा आणि पडदा आला होता. दुर्बिणीला एकट्या शल्यचिकित्सकाचा डोळा लावावा लागत होता, तोवर ती कसरत होती. सगळ्या खोलीला पोटाचा आतला भाग पडद्यावर दिसू लागला, तेव्हा ती शस्त्रक्रिया झाली.

१५/
इथे जे. जे.कडे परतावे लागते. हे रुग्णालय १८४५ चे, जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले. शेजारच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. हे सरकारी रुग्णालय आहे. इथे येणारा रुग्ण खाटेसाठी रांग लावतो.

१६/
उदवाडिया यांनी या रुग्णालयात १९७२ मध्येच दुर्बीण हाती घेतली होती. तेव्हा तिचे काम केवळ निदान करणे. त्या काळी अशा रुग्णालयाला सीटी स्कॅन ठाऊक नव्हता. पोटात पाणी झालेला, खंगलेला रुग्ण समोर आला तर त्याला क्षय आहे, कर्करोग आहे की यकृताचा विकार, हे ठरवायला एकतर पोट उघडा, नाहीतर अंदाज करा. दुर्बिणीने तिसरा मार्ग दिला: बोटभर छेदातून आत पाहा आणि तुकडा तपासायला घ्या. भारतात पोटाच्या शल्यचिकित्सेत दुर्बीण आली ती हात म्हणून नव्हे, डोळा म्हणून. ही बाब क्रोन्सच्या संदर्भात पुढे फार महत्त्वाची ठरते.

१७/
१९९० नंतर काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी हे काम सुरू केले. टीका अशी होती की ही श्रीमंतांची चैन आहे. यंत्रे महाग, देश गरीब. उदवाडिया यांनी आयुष्यभर नेमके उलट मांडले. ज्याचे पोट हातावर आहे त्यालाच लवकर कामावर परतण्याची गरज सर्वाधिक, म्हणून या शस्त्रक्रियेचा पहिला हक्कही त्याचाच. विकसनशील देशांतील दुर्बीण-शस्त्रक्रियेवर त्यांनी १९९७ मध्ये स्वतंत्र ग्रंथच काढला. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. त्यांचा हा युक्तिवाद मात्र मांडव्याच्या किनाऱ्यावर उभे राहून तपासून पाहण्याजोगा आहे.

१८/
समजा, रुग्ण कोळी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्टमध्ये नारळ वाहून दर्या खवळायचा थांबला की होड्या निघतात आणि वर्षाच्या कमाईतला मोठा भाग पुढच्या काही महिन्यांत येतो. पोट मधोमध उघडून शस्त्रक्रिया झाली तर डॉक्टर निदान सहा आठवडे, बहुधा त्याहून जास्त, जड उचलू नका म्हणून बजावतात. जाळे ओढणे म्हणजे जडच. न ऐकता ओढले आणि टाक्यांची रेषा सैल पडली, तर तिथे हर्निया. पुन्हा लाँच, पुन्हा मुंबई, पुन्हा भूल. वाडीत नारळ-सुपारीचे काम करणाऱ्याचा, हंडे उचलणाऱ्या बाईचा हिशेब काही वेगळा नाही.

१९/
त्यात पाण्याची वाट. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली तेव्हा गाडीसकट तासाभरात पलीकडे जाण्याची सोय झाली, आणि भाऊच्या धक्क्यावरून जे. जे. टॅक्सीने जवळच. पण समुद्राने नाही म्हटले की उरतो तो अलिबाग, पेण, पनवेल असा रस्त्याचा लांब वळसा. पोटावर वीतभर ताजे टाके असलेल्या माणसाला त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मोजता येतो. दोन दिवस आधी घरी जाणे आणि दोन वेळा कमी तपासायला येणे, याची किंमत दक्षिण मुंबईत राहणाऱ्याला तितकी कळणार नाही.

२०/
तर मग क्रोन्समध्येही दुर्बीणच, असे सरळ म्हणता येईल का? १९९० च्या दशकात अनेक अनुभवी शल्यचिकित्सकांचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि ते हटवादी नव्हते. क्रोन्सचे आतडे हाताळायला कठीण. त्याला धरून ठेवणारा, रक्तवाहिन्या असलेला चरबीचा पडदा सुजून जाड झालेला असतो. कापताना तो भळाभळा वाहतो. फिस्टुला असेल तर कुठले आतडे कुठे जाते हे बोटांनी चाचपल्याशिवाय कळत नाही. दुर्बिणीला बोटे नसतात.

२१/
वाद मिटवायला चाचण्या झाल्या. २००१ मध्ये मिल्सम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ६० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली: ३१ दुर्बिणीने, २९ पोट उघडून. दुर्बिणीला वेळ जास्त लागला, १४० मिनिटे विरुद्ध ८५. छेद मात्र ५ सेंटिमीटर विरुद्ध १२. श्वास पूर्ववत होण्यास अडीच दिवस विरुद्ध साडेतीन. (ज्यांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेदच नसतो असे वाटते, त्यांनी ते ५ सेंटिमीटर पुन्हा वाचावेत. आतडे बाहेर काढायला दार लागतेच.)

२२/
२००६ मध्ये नेदरलँड्समधील मार्टेन्से आणि सहकाऱ्यांची चाचणी आली, तीही ६० रुग्णांची. रुग्णालयात मुक्काम ५ दिवस विरुद्ध ७. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत दुर्बिणीत सुमारे १० टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत ३३. खर्चही एकूण कमी, कारण खाट लवकर मोकळी झाली. आणि तीन महिन्यांनी रुग्णांना जीवनमान कसे वाटते असे विचारले, तर दोन्ही गटांत फरक नव्हता.

२३/
या दोन चाचण्या मिळून १२० रुग्ण होतात. जगभर उद्धृत होणाऱ्या तुलनेचा हा पाया, आणि तो लहान आहे. शिवाय निवडलेले रुग्ण बहुतांशी सोपे होते, लहान आतड्याच्या टोकाला मर्यादित आजार असलेले. ज्याच्या पोटात तीन फिस्टुला आणि पुवाचा गोळा आहे त्याला या आकड्यांतून थेट उत्तर मिळत नाही. पुढे या रुग्णांचा कित्येक वर्षे मागोवा घेतला गेला. आजार परत येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले.

२४/
या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबावे. आतड्याच्या दृष्टीने पाहिले तर शल्यचिकित्सक कोणत्या दाराने आत आला याने आजाराला काही फरक पडला नाही. फरक पडला तो पोटाच्या भिंतीला, फुप्फुसांना, कामाच्या दिवसांना. हे फरक क्षुल्लक नाहीत. वर कोळ्याचा हिशेब मांडला तो त्यासाठीच. परंतु ‘दुर्बिणीने केली म्हणजे छोटी शस्त्रक्रिया झाली’ हा समज चुकीचा आहे. चार भोकांतून दीड फूट आतडे निघू शकते. वीतभर छेदातून एक तसूही न निघता काम होऊ शकते.

२५/
एक तसूही न निघता? होय, आणि या गोष्टीचा उगम भारतात आहे. १९७७ मध्ये चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील आर. एन. कटारिया आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या क्षयाने अरुंद झालेल्या भागांवर एक युक्ती वापरल्याचे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये प्रसिद्ध केले. अरुंद जागा कापून टाकायची नाही. तिच्यावर लांबीच्या दिशेने छेद घ्यायचा आणि तोच छेद आडवा शिवायचा. अरुंद बाही कापून न टाकता उभी उसवून आडवी शिवली तर ती थोडी आखूड पण रुंद होते, तसेच. नाव पडले स्ट्रिक्चरप्लास्टी.

२६/
ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी ही युक्ती क्रोन्सच्या रुग्णांवर वापरली आणि १९८२ मध्ये तिचा वृत्तान्त दिला. त्यांनी आपल्या निबंधात या पद्धतीला ‘किमान शस्त्रक्रिया’ म्हटले. पोट अर्थातच मोठ्या छेदाने उघडले होते! किमान होते ते आतड्याचे नुकसान. या आजारात ‘लहान’ या शब्दाचा हा मूळ अर्थ, आणि तो दुर्बिणीच्या आगमनाआधीचा आहे. पुढच्या दशकात दुर्बीण आली आणि ‘लहान’ हा शब्द पोटाच्या कातडीकडे सरकला. भारतीय वैद्यकाच्या इतिहासाविषयी रोज लिहिणाऱ्यांनी सुश्रुताच्या मुंग्यांइतकीच चंडीगडच्या या टाक्याचीही दखल घ्यायला हवी. त्याला तारीख आहे, निबंध आहे आणि जिवंत रुग्ण आहेत.

२७/
पाठोपाठ दुसरा पुरावा १९९६ मध्ये फाझिओ आणि सहकाऱ्यांनी दिला. खराब भागाच्या दोन्ही बाजूंना किती निरोगी आतडे कापावे? कर्करोगाच्या सवयीने शल्यचिकित्सक भरपूर कापत. चाचणीत एका गटात २ सेंटिमीटर, दुसऱ्यात १२ सेंटिमीटर कडा ठेवली. आजार परतण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे तोवर जगभर किती निरोगी आतडे विनाकारण बादलीत गेले असेल, याची कल्पनाच करावी.

२८/
माणसाचे लहान आतडे साधारण सहा मीटर. व्यक्तीगणिक ते बरेच कमी-अधिक असते. दोन मीटरपेक्षा कमी उरले तर अन्न आणि पाणी शोषून घेणे अवघड होऊ लागते, आणि फारच कमी उरले तर शिरेतून पोषण द्यावे लागते. शेवटच्या भागाला तर विशेष काम आहे: बी-१२ जीवनसत्त्व आणि पित्ताचे क्षार तिथेच शोषले जातात. विसाव्या वर्षी एक, तिसाव्या वर्षी दुसरी, चाळिसाव्या वर्षी तिसरी अशी शस्त्रक्रिया होत गेली की हा हिशेब कसा संपतो, हे सांगायला गणिती लागत नाही.

२९/
भारतात याच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो: आजार क्रोन्सच आहे ना? लहान आतड्याचा तोच शेवटचा भाग क्षयाचीही आवडती जागा. दोन्हींत पोटदुखी, ताप, वजन घटणे, तसेच अरुंद होणारे आतडे. १९१३ मध्ये डॅल्झिएलला पडलेला पेच रायगडच्या रुग्णापुढे आजही जसाच्या तसा आहे. अनेकांना प्रथम क्षयाची औषधे दिली जातात. क्षय असेल तर काही महिन्यांत सुधारणा दिसते. क्रोन्स असेल तर तेवढा काळ हातचा जातो आणि आतडे आणखी आक्रसते.

३०/
उलट चूक अधिक भयंकर. १९९८ पासून क्रोन्सवर इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे आली. शरीरात दबून बसलेला क्षय या औषधांनी उसळून उठतो. म्हणून ज्या देशात क्षय घरोघरी परिचित आहे, तिथे ही औषधे देण्याआधी क्षयाचा कसून शोध घ्यावा लागतो. आज कोलोनोस्कोपी, सीटी आणि जंतूंच्या नव्या चाचण्या हाताशी आहेत. त्यांनीही उकलले नाही, तर दुर्बीण आत सोडून तुकडा घेणे हा पर्याय उरतो. १९७२ मध्ये जे. जे.मध्ये तिचे जे काम होते, तेच.

३१/
शस्त्रक्रिया केव्हा करावी, याबद्दलही समजूत बदलते आहे. तिला शेवटचा उपाय मानण्याची रीत जुनी. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील १४३ रुग्णांच्या चाचणीत आतड्याच्या टोकाला मर्यादित आजार असलेल्यांना एकतर इन्फ्लिक्सिमॅब दिले किंवा दुर्बिणीने तो भाग काढला. वर्षभराने दोन्ही गटांचे जीवनमान सारखेच होते. पाचेक वर्षांनी पाहिले तर औषधाच्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांना अखेर शस्त्रक्रिया लागली होती. शस्त्रक्रियेच्या गटात आतडे दुसऱ्यांदा कापावे लागलेला रुग्ण नव्हता, मात्र सुमारे एक चतुर्थांश जणांना पुढे ते औषध सुरू करावे लागले.

३२/
महागडे औषध वर्षानुवर्षे न परवडणाऱ्या घरासाठी या चाचणीचा अर्थ फार मोठा आहे. लवकर, मर्यादित भागावर, अनुभवी हातांनी, दुर्बिणीने केलेली शस्त्रक्रिया हा हार मानल्याचा पुरावा राहत नाही. अट एकच, आणि ती कठोर: ‘अनुभवी हातांनी’. पित्ताशय शेकडो जण दुर्बिणीने काढतात. क्रोन्सचे आतडे वारंवार हाताळणारे त्या मानाने थोडे, आणि ते मोठ्या शहरांत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून मांडव्यामार्गे मुंबईला पाठवलेला रुग्ण यंत्रासाठी जात नाही. तो त्या हातांसाठी जातो.

३३/
येथे एक अप्रिय बाबही नोंदवायला हवी. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मधेच थांबवून पोट उघडावे लागले, तर अनेक घरांत ती डॉक्टरची चूक मानली जाते. ‘जमले नाही म्हणून फाडले’. जाहिरातींनी हा समज वाढवला आहे. ज्याला फिस्टुलाची वाट दिसत नाही, रक्त थांबत नाही, त्याने वेळीच पोट उघडणे हे शहाणपण आहे. झेम आणि म्यूए यांना उघड्या शस्त्रक्रियेच्या अहंकाराने छळले. चार दशकांनंतर दुर्बिणीचा अहंकार त्याच जागी येऊन बसला, तर बदलले काय, एवढेच विचारावे लागेल. रुग्णाच्या नातेवाइकांनी मोठा व्रण पाहून भांडण काढण्याआधी आत काय होते हे विचारावे, आणि डॉक्टरांनी ते आधीच, शस्त्रक्रियेपूर्वी, मराठीत समजावून सांगावे.

३४/
म्हणून मांडव्याच्या लाँचमधल्या त्या फाइलकडे परत. तिच्यात सहसा शस्त्रक्रियेचे नाव असते, तारीख असते, ‘दुर्बिणीने’ किंवा ‘उघडी’ हा शेरा असतो, टाके कधी काढायचे हे असते. क्रोन्सच्या रुग्णासाठी आणखी तीन नोंदी तितक्याच ठळक हव्यात: किती सेंटिमीटर आतडे काढले, किती उरले, आणि काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत क्षय आढळला की नाही. दहा वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच शहरात, दुसराच शल्यचिकित्सक ते पोट पुन्हा पाहणार आहे. तेव्हा पोटावरचा व्रण त्याला डोळ्यांनी दिसेल. आत किती मीटर शिल्लक आहे, हे त्या कागदावर लिहिलेले असेल तरच कळेल.